बाबांची गवतगाडी

मिक्सर फोनजवळ धरून मी माझ्या सासऱ्यांना फसवलं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढची हकिगत वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगीच सहानुभूती वाटत राहील, आणि मला तेही सहन व्हायचं नाही. ठमी झोपली आहे. ठमी म्हणजे माझी अकरा महिन्यांची लेक. तिची दुपारची झोप चाळीस मिनिटांची, त्यातली पहिली दहा मिनिटं ती खरंच झोपली का हे बघण्यात जातात. उरलेल्या अर्ध्या अर्ध्या तासांत मी एक अख्खं इंजिन खोललं होतं. आता त्याच अर्ध्या तासांत ही लाज लिहून काढते आहे.

आमच्या वसाहतीच्या मधोमध एक मैदान आहे आणि मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड. शेडमध्ये बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, गवतगाडी. ज्यावर बसून गवत कापतात ते चार चाकांचं मशीन. पुढे इंजिन, पोटाखाली पाती, मध्ये स्टिअरिंग आणि मागे ऐसपैस सीट. बाबा ज्या कारखान्यात होते तिथल्या बागेत ती आयुष्यभर राबली, आणि दोघं एकाच वर्षी निवृत्त होऊन आमच्याकडे आले. दर रविवारी सकाळी बाबा टोपी घालून मैदानाला फेऱ्या घालत. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी आभारही मानत नव्हतं. फक्त गवत कधी घोट्याच्या वर आलं नाही.

ठमी तीन महिन्यांची असताना बाबांना मोठं आजारपण झालं. त्यातून उठल्यावर पहिल्याच रविवारी ते गाडीवर जाऊन बसले आणि चावी फिरवली. गाडीने हूं की चूं केलं नाही. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी त्यांनी चावी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "तिचंही वय झालं आता." तरी संध्याकाळी ठमीला घेऊन ते बंद गाडीवर बसायचेच. चावीशिवाय. तोंडाने "भुर्रर्र" करायचे आणि ठमी स्टिअरिंग चाटायची.

दीड महिन्यापूर्वी बाबा माझ्या नणंदेकडे गेले. तिच्या घराजवळ एक व्यायाम करून घेणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे हातापायांत बळ आणायला. ते गेले आणि आठवड्यात वसाहतीच्या ऑफिसची नोटीस आली. शेड मोकळी करायची, चालू स्थितीतली यंत्रंच ठेवता येतील, महिनाअखेरीस तपासणी, बाकीचं भंगारात.

"देऊन टाकू," नवरा म्हणाला. "बाबांना हळूहळू सांगू."

"हळूहळू म्हणजे कसं? आधी चाकं गेली म्हणायचं, मग सीट?"

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी वसाहतीच्या सभेला गेले आणि ठमीला कडेवर घेऊन, भर सभेत, "गाडी महिनाअखेरपर्यंत चालू होईल" असं म्हणाले. सेक्रेटरींनी विचारलं, कोण करणार. मी म्हणाले, मी. घरात आजवर मी दुरुस्त केलेल्या वस्तूंत एक छत्री आणि एक झिप येते. झिप नंतर पुन्हा बिघडली.

शेजारच्या काकू तिथेच हळहळल्या. "अगं, अजून अंगात ताकद तरी आलीये का तुझ्या? बाळंतीण ना तू."

"काकू, दहा महिने झाले."

"तेच म्हणते मी."

काकूंच्या यजमानांना सगळी वसाहत अनुभवकाका म्हणते. ते विजेच्या मीटरचं रीडिंग घेत फिरायचे, त्यामुळे त्यांनी हजारो घरांच्या भिंती पाहिल्या आहेत आणि ते सगळ्याच विषयांवर बोलतात. "माझा अनुभव सांगतो," ते म्हणाले, "बंद पडलेल्या यंत्राला आधी हात लावायचा नसतो. आधी ते समजून घ्यायचं."

समजून घ्यायला मी माहितीपुस्तक काढलं. बाबांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत जपलं होतं. सुरुवातीची चार पानं नुसती सूचना. हे करू नका, ते करू नका, मुलांपासून दूर ठेवा. अशा सूचना कोणी वाचतं का? ठमी पुस्तकासाठी हट्ट करत होती, म्हणून मी ती चार पानं फाडून तिला खेळायला दिली. पुढे इंजिनाची खरी माहिती होती, ती मी पेन्सिलने खुणा करत वाचली. आपण किती पद्धतशीर आहोत असं मला तेव्हा वाटत होतं, हेही नोंदवून ठेवते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अर्ज द्यायला गेले. सेक्रेटरी सज्जन आहेत, पण छापील रकाना दिसला की ते त्याच्यापुढे हात जोडतात.

"हे वाहन की अवजार?"

"गवत कापायचं मशीन आहे."

"ते ठीक. पण चार चाकं आहेत, स्टिअरिंग आहे. वाहन असेल तर शेडमध्ये नाही, पार्किंगमध्ये लागेल. त्याला नंबर लागेल."

"मग अवजार लिहा."

"अवजाराला सीट असते का?" त्यांनी चष्मा काढून मला विचारलं. शेवटी त्यांनी दोन्ही शब्दांच्या मध्ये बारीकशी टिकमार्क केली आणि म्हणाले, "तपासणीच्या दिवशी बघू. चालली तर कळेलच काय आहे."

मग कामाला लागले. ठमी झोपली की काकूंना दारात बसवायचं, शेडकडे धावायचं, चावी फिरवायची, काही होत नाही हे पाहायचं, आणि एक भाग सोडवायचा. पहिल्या दिवशी एअर फिल्टरचं झाकण उघडलं तर आत कापसाचं, दोऱ्यांचं, कुणाच्या तरी लोकरी मोज्याचं घरटं. त्यात उंदरीण आणि तिची पाच गुलाबी पिल्लं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या डोळ्यांखालीही काळं होतं अशी माझी खात्री आहे. मी झाकण हळूच लावलं आणि आठ दिवस थांबायचं ठरवून घरी आले.

"उंदीर हाकलायला आठ दिवस?" नवऱ्याने विचारलं.

"हाकलत नाहीये. ती मोठी होईपर्यंत थांबतेय."

"तपासणी वीस दिवसांवर आहे."

"तिला पाच आहेत."

नववा दिवस उजाडला तेव्हा ती पिल्लांसकट आपणहून गेलेली होती. पुढच्या दिवसांत मी कार्ब्युरेटर, म्हणजे जिथे हवा आणि पेट्रोल एकत्र होतात तो डबा, सुटा केला. तो साफ करायला लांब, बारीक, मऊ केसांचा ब्रश हवा होता आणि घरात तसा एकच होता, ठमीच्या दुधाच्या बाटलीचा. बाटलीला नवा ब्रश आणायचा असं मी ठरवलं आणि विसरले. संध्याकाळी नवऱ्याने मोठ्या प्रेमाने बाटली धुतली, दूध भरलं, आणि ठमीच्या तोंडाला लावणार इतक्यात स्वतःच हुंगून म्हणाला, "दुधाला पेट्रोल पंपासारखा वास का येतोय?" त्या दिवशी तो जे बोलला ते त्याच्या जागी बरोबर होतं. मी न्हाणीघरात जाऊन थोडं रडले आणि बाहेर येऊन नवी बाटली, नवा ब्रश, दोन्ही आणले.

सुटे भाग मी ठमीच्या पेजेच्या वाट्यांत क्रमाने ठेवत असे. ठमी एकदा लवकर उठली आणि तिने क्रम बदलला. पुन्हा जोडल्यावर एक बोल्ट उरला. "माझा अनुभव सांगतो," अनुभवकाका म्हणाले, "एखादा उरलेला बरा. काही उरलंच नाही तर कुठेतरी जास्तीचं बसलंय."

शेवटी मी गॅरेजवाल्या दादांना बोलावलं. ते स्कूटर, मोटारसायकल करतात. त्यांनी बॅटरी नेऊन चार्ज करून आणली, प्लग बदलला, मी जोडलेलं पाहून कपाळाला हात लावला आणि सगळं पुन्हा जोडलं. पात्यांचा पट्टा त्यांनी बाजूला काढून ठेवला, चुकून काही फिरायला नको. मग म्हणाले, "आता होणार." आणि सीटवर बसायला पाय उचलला.

"दादा, तिथे नका बसू," मी म्हणाले.

"का? तुटलीये?"

"बाबांची जागा आहे."

ते पाय हवेत धरून माझ्याकडे बघत राहिले. मला समजावून सांगावं लागलं. आमच्या घरी बाबांच्या जागेवर कोणी बसत नाही. जेवणाच्या टेबलाशी खिडकीकडची खुर्ची त्यांची. महिनाभर ते घरी नाहीत, तरी आम्ही दोघं आणि ठमीची उंच खुर्ची असे एका बाजूला कोंबून जेवतो आणि ती खुर्ची मोकळी असते. गाडीच्या सीटवर तर सासूबाईंनी शिवलेली उशी. जुन्या पडद्याच्या कापडाची, निळ्या फुलांची. सासूबाई मी या घरात येण्याआधीच गेल्या. ती उशी मी गेल्याच आठवड्यात धुऊन, इस्त्री करून परत ठेवली होती. मी स्वतः इतके दिवस गाडीच्या बाजूला उभी राहून, वाकून चावी फिरवत होते.

"बरोबर आहे," दादा पाय खाली घेत म्हणाले. "मोठ्या माणसांचं असतं तसं. मी उभ्यानेच बघतो."

ठमीला घेऊन तिथेच आलेल्या काकूंनीही मान डोलवली. उभ्याने दादांनी अर्धा तास चावी फिरवली. काही नाही. "इंजिनात तर काही खोट नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलणाऱ्या डॉक्टरसारखा झाला.

त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला. मी ठमीला भरवत होते. काकूंनी त्यांना नोटिशीचं आधीच सांगितलं होतं.

"जाऊ दे गं भंगारात," बाबा म्हणाले. "एवढ्याशा पोरीला घेऊन कुठे त्या पत्र्याखाली बसतेस. तिचं संपलं असेल. प्रत्येकाचं संपतं."

त्यांचा आवाज विझत चाललेल्या दिव्यासारखा आला. त्या आवाजात ते गाडीबद्दल बोलत नव्हते, एवढं मला कळलं. आणि मी म्हणाले, "चालू झाली, बाबा."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"झाली?"

"आजच झाली."

"ऐकव बरं."

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. मी फोन ओट्यावर ठेवला आणि मिक्सर सुरू केला. ठमी घाबरून भोकाड पसरणार म्हणून तिच्या तोंडात चमचाभर पेज घातली. दहा सेकंद मिक्सर चालवला. बंद केला.

"आवाज जरा बारीक वाटतो," बाबा म्हणाले. पण त्यांचा आवाज बदललेला होता. "तेल कमी असेल. मी येतो तपासणीला. मीच चालवून दाखवतो."

"बाबा, तुमचे व्यायाम..."

"व्यायाम कशासाठी करतोय मी?"

पुढचे चार दिवस मी कशी जगले ते सांगत नाही. नवरा रोज म्हणायचा, सांगून टाक. मी तीनदा मेसेज लिहिला आणि तीनदा पुसला. दिवसातून सहा वेळा शेडमध्ये जाऊन, बाजूला उभी राहून, मी चावी फिरवत होते. तोवर मी गाडीशी बोलायलाही लागले होते. अहोजाहो करून.

तपासणीच्या सकाळी शेडसमोर सेक्रेटरी फाईल घेऊन उभे, कमिटीचे दोघे, दादा, काकू, अनुभवकाका, नवरा. नणंदेची गाडी फाटकाशी थांबली. ताईंनी दार उघडलं आणि बाबा उतरले. टोपी घातलेली. कॉलरचं वरचं बटण लावलं होतं आणि तरी कॉलरमध्ये आणखी एक मान मावली असती. त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेला तेलाचा डबा होता. "तुझ्यासाठी," ते मला म्हणाले. "तिचा आवाज बारीक येत होता ना."

मी तो डबा घेतला. एवढा जड डबा मी आयुष्यात उचललेला नाही.

"बाबा, जरा बोलायचं होतं."

"आधी चालवू, मग बोलू." ते हळूहळू चालत गेले, उशीवरून हात फिरवला, बसले. त्यांनी चावी फिरवली.

काही नाही. पुन्हा फिरवली. पत्र्यावर एक चिमणी चालत होती, तिचे पाय ऐकू आले.

"बाबा," मी म्हणाले, सगळ्यांसमोर, कारण आता एकांतात सांगायची वेळ निघून गेली होती. "ती चालू झालीच नव्हती. मी खोटं बोलले."

बाबा समोर स्टिअरिंगकडे बघत राहिले. "आणि तो आवाज?"

"मिक्सर."

"छोटं भांडं की मोठं?"

"मोठं."

"रिकामं?"

"रिकामं."

"तरीच," बाबा म्हणाले.

त्यांनी रागवायला हवं होतं. ते फक्त हात मांडीवर ठेवून बसले. सेक्रेटरींनी घसा साफ केला. "मग मी 'बंद' असं लिहू?" त्यांना विचारायलाही वाईट वाटत होतं, आणि ते पाहून मला अजून लाज वाटली. पेनाचं टोपण निघालं.

तेवढ्यात काकूंच्या कडेवरून ठमीने झेप घेतली. महिनाभराने आजोबा त्या गाडीवर दिसले होते, आणि तिच्या हिशेबी आजोबा त्या गाडीवर बसले की तिची जागा मांडीवर. काकूंना ती आवरेना. बाबांनी हात पुढे केले, तिला घेतलं. ठमीने लगेच स्टिअरिंगला तोंड लावलं आणि मग चमकणारी चावी पाहून ती धरली. "हं, कर भुर्रर्र," बाबा तिची समजूत काढत म्हणाले आणि तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवून चावी वळवली.

गाडी सुरू झाली.

काळा धूर निघाला, पत्रे थरथरले, कमिटीतले दोघे दोन पावलं मागे गेले. ठमी दचकून रडायला लागली, मग विचार बदलून हसायला लागली. माझ्या हातातून तेलाचा डबा पायावर पडला, तो पाय दुखतोय हे मला दोन दिवसांनी कळलं. "धूर फार आहे, पोरीला घ्या," काकू ओरडल्या. ताईंनी ठमीला उचललं, आणि गाडी बंद पडली.

बाबांनी चावी फिरवली. काही नाही. त्यांनी ठमीकडे पाहिलं, मग सीटकडे, मग हात पुढे केले. "दे तिला."

ठमी मांडीवर आली. चावी फिरली. गाडी चालू.

गॅरेजवाल्या दादांनी या खेपेला दोन्ही हात कपाळाला लावले. "सीटखाली स्विच आहे. माणूस बसल्याशिवाय इंजिन चालूच होणार नाही असा. पडलाबिडला माणूस तर पाती थांबावीत म्हणून." सगळे उतरल्यावर त्यांनी उशी उचलून दाखवली. सीटखाली एक स्प्रिंग होती, गंजून ताठ झालेली. "वजन पाहिजे हिला. पुरेसं."

ताई हळूच म्हणाल्या, "आजारपणात आठ किलो उतरले बाबांचे."

"ठमी किती आहे गं?" बाबांनी मला विचारलं.

"साडेआठ."

मला पटकन सांगता आलं. दर पंधरा दिवसांनी मी तिचं वजन करते, फ्रिजवर तक्ता लावला आहे, शंभर ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर मला झोप लागत नाही. त्याच फ्रिजसमोरून बाबा पाच-सहा महिने येत-जात होते. मी इंजिनाचा एकेक बोल्ट सोडवून बघितला. गाडीवर बसणाऱ्या माणसाकडे एकदाही नीट बघितलं नाही.

"म्हणजे तिचं काही संपलं नव्हतं," बाबा स्वतःशीच म्हणाले. मग थोडे हसले. "जेवायलाच पाहिजे म्हणजे."

मग ते माझ्याकडे वळले. "तू कधी बसून बघितलं नाहीस?"

"तुमची जागा आहे, बाबा."

"महिनाभर उभी होतीस?"

मी मान हलवली.

"बस."

"नको, बाबा."

"बस म्हटलं ना."

मी चपला काढल्या. का काढल्या ते मला विचारू नका. निळ्या फुलांच्या उशीवर अंग चोरून, अगदी कडेवर बसले आणि चावी नीट वळवायच्या आतच इंजिन धडधडायला लागलं. कसलीही कुरकुर नाही, धूरसुद्धा नाही. सगळ्यांनी एकदम मैदानाकडे बघायला सुरुवात केली. नवरा तर ढगांकडे.

"लगेच झाली की गं," काकू म्हणाल्या. अनुभवकाकांनी तोंड उघडलं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मिटलं. लग्नानंतर त्यांचा एखादा अनुभव न सांगितला गेल्याची ही पहिलीच वेळ असावी.

संध्याकाळी ठमीच्या खेळण्यांच्या टोपलीत मला ते फाडून दिलेलं तिसरं पान सापडलं. त्यावर सीटवर बसलेल्या माणसाचं मोठं चित्र होतं आणि सीटकडे जाणारा जाड बाण. माणसाचं डोकं ठमीने खाल्लेलं होतं. ते पान मी चिकटपट्टी लावून फ्रिजवर लावलं आहे, ठमीच्या वजनाच्या तक्त्याच्या बाजूला. तिथे आता बाबांचाही तक्ता आहे. पंधरा दिवसांत सहाशे ग्रॅम. ते काट्यावर खिसे रिकामे न करता उभे राहतात, मी काही बोलत नाही.

पण त्या सकाळचं राहिलं. सेक्रेटरींनी फॉर्म गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि बाबांपुढे पेन धरलं. वाहन की अवजार हा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडून दिला होता. बाबांनी चष्मा लावला. 'चालक' या रकान्यात त्यांनी सावकाश लिहिलं: सून. मग खाली 'शेरा' असा रकाना होता, तिथे थोडा विचार केला आणि लिहिलं:

बसल्यावर चालू होते.

खाली मला सही करावी लागली.